मार्निक्सचा सत्कार

आमच्या घरात आइस हॉकी आली स्वानंदीमुळे, पण मुक्काम ठोकून बसली ती नीळकंठमुळे. स्वानंदी आमची मुलगी, आता पंधरा वर्षांची, आणि नीळकंठ माझा नवरा. हॉलंडमधल्या आमच्या हूफडॉर्प गावातल्या बाकीच्या मराठी मुली भरतनाट्यम आणि टेनिसला जात होत्या, तेव्हा आमच्या बाईसाहेबांना बर्फावर रबरी चकतीमागे धावायचं होतं. मला वाटलं होतं, थंडीने चार दिवसांत वेड उतरेल. उतरलं नाही, आणि घामट पॅड्सचा वास घरात कायमचा राहायला आला.

इथल्या क्लबांची एक रीत आहे. मूल खेळायला घातलं की आईबापांनाही काहीतरी काम अंगावर घ्यावं लागतं, फुकट आणि हसतमुखाने. कुणी स्केट्सना धार लावतं, कुणी सामन्याचं घड्याळ सांभाळतं. मी आठवडाभर पाळणाघरात पोरं सांभाळून दमलेली असते, तरी शनिवारी क्लबच्या कँटीनमध्ये कॉफी ओतायला उभी राहू लागले. त्याने माझं डच सुधारलं, एवढा फायदा झाला. नीळकंठची गोष्ट वेगळी. बर्फाच्या रिंकचं सोडाच, फुटपाथवर हिम पडलं तरी त्याला माझा दंड धरावा लागतो. पण त्याचं इंग्रजी फर्डं आहे, म्हणून क्लबने त्याला आपल्या वेबसाइटवरचं एक पान चालवायला दिलं.

त्या पानावर क्लबच्या आजी-माजी खेळाडूंच्या खबरी असायच्या. वर ‘प्रॉस्पेक्ट्स’, म्हणजे पुढे नाव काढतील अशी कोवळी पोरं. खाली ‘वेटरन्स’, म्हणजे तिशी ओलांडलेले, मुरलेले गडी. कोण बेल्जियममध्ये गेला, कुणाचा खांदा निखळला, कुणाचा करार वाढला, कुणाचा नाही. प्रत्येकाला तीन-चार ओळी. हॉलंडमध्ये फुटबॉलपुढे या खेळाला कुत्रं विचारत नाही, वर्तमानपत्रंही फारसं काही छापत नाहीत. त्यामुळे नीळकंठचं पान भलतंच चाललं. जर्मनीतले छोटे क्लबवालेसुद्धा ते वाचायचे आणि खेळाच्या दुसऱ्या साइट्स त्यावरून खबरी उचलायच्या. आपण लिहिलं की पक्कं, असं तो मला भाजी चिरता चिरता ऐकवायचा.

खबरी मिळायच्या कँटीनमध्ये. मी कॉफी ओतायची आणि हा काउंटरच्या टोकाला कोपर टेकून कान उघडे ठेवून उभा. थेट खेळाडूला जाऊन त्याने कधी काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, खरं बोलत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. मी त्याला चिडवायचे, की पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून कुणाचं लग्न ठरलं नि कुणाचं फिसकटलं हे गोळा करणारे काका होते, त्यांची गादी तू चालवतोयस. तो हसायचा. मीही हसायचे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

यंदाच्या हिवाळ्यात त्याची झुइडासमधली, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या बड्या ऑफिसांच्या भागातली, नोकरी गेली. कामात खोट नव्हती. वरून कुणीतरी विभागांची फेरमांडणी केली आणि त्यात नीळकंठचा विभागच उरला नाही. इतकी वर्षं तिथे काढली होती त्याने. शेवटच्या दिवशी खालच्या रिसेप्शनवर लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड ठेवलं, तिथल्या मुलीने छान दिवस जावो म्हटलं आणि हा मेट्रोने घरी आला. संध्याकाळी फोनवर सहकाऱ्यांनी मिळून पाठवलेलं शुभेच्छापत्र आलं, त्यात फुगे उडत होते. त्याने ते मला दाखवलं नाही, मीच पाहिलं. पुढे हूफडॉर्पमध्येच एका लहान कंपनीत त्याला काम मिळालं, पण त्या फुग्यांबद्दल तो कधी बोलला नाही.

हे सांगायचं कारण असं, की मार्निक्सच्या बाबतीत त्याने जे केलं ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे. ठाऊक असलं म्हणून लाज कमी होत नाही.

मार्निक्स हा क्लबचा जुना बचावपटू. छत्तीस वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस, समोरचे दोन दात खोटे, एक गुडघा कुरकुरणारा. क्लबच्या मोठ्या संघातून खेळायचा आणि मंगळवारी मुलींच्या संघाला शिकवायचा. स्वानंदी त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. घरात ताट उचलून ठेव म्हटलं तर ऐकू न येणारी ही मुलगी मार्निक्सने सांगितलं म्हणून पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारायची.

मार्चमध्ये हंगाम संपला. क्लबने मार्निक्सचा करार काही वाढवला नाही, ही खबर कँटीनमध्ये फिरू लागली. नीळकंठने ती उचलली, त्यात गुडघा मिळवला, वय मिळवलं आणि उत्तर काढून मोकळा झाला, की मार्निक्स निवृत्त होतोय. त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं बर्फावर हाडं मोडून घेतलेल्या माणसाला हे लोक एक हार घालत नाहीत, एक शब्द बोलत नाहीत, असं तो दोन दिवस पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी त्याने आमच्या मंडळाचे अध्यक्ष विश्वास यांना फोन लावला.

आता मराठी मंडळ म्हटलं की सत्कार आलाच. आम्हाला शाल आणि नारळ दिसला की खांदा शोधायची घाई होते. कुणी पीएचडी झालं, सत्कार. कुणी मॅरेथॉन पळालं, सत्कार. विश्वास तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला पाहुणा शोधतच होते. एक डच खेळाडू, आपल्या मुलींचा कोच, सेवेतून निवृत्त होतोय, आणखी काय हवं? मार्निक्सला आमंत्रण नीळकंठने दिलं. तू मुलींसाठी इतकं करतोस, आमच्या लोकांना तुझा सन्मान करायचा आहे, एवढंच सांगितलं. निवृत्तीचा शब्द त्याच्यासमोर काढला नाही. वर्मावर बोट कशाला ठेवायचं, हा त्याचा सभ्यपणा. मार्निक्स संकोचला, पण हो म्हणाला.

शाल मी आणली. पुण्याहून आणलेली, कुणाला तरी द्यायला ठेवलेली, मरून रंगाची.

कार्यक्रम हूफडॉर्पमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मार्निक्स इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच आला. त्याची बायको परिचारिका आहे, तिची त्या दिवशी ड्यूटी होती. त्याला फेटा बांधला. डोकं एवढं मोठं, की फेट्याचं कापड पुरता पुरेना. सगळे हसले, तो सर्वांत जास्त हसला. मग विश्वास यांनी मानपत्र वाचायला घेतलं, खणखणीत मराठीत. मजकूर नीळकंठचा. दोन तपांची बर्फावरची तपश्चर्या, देहाची पर्वा न करता केलेली क्रीडासेवा, आज कृतार्थ मनाने घेतलेली निवृत्ती, यापुढील आयुष्य सुखासमाधानाचं आणि आरोग्याचं जावो. मार्निक्सला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो प्रत्येक टाळीला मान लववून छातीवर हात ठेवत होता.

स्वानंदी माझ्या शेजारी बसली होती. ती घरात मराठीला डचमध्ये उत्तर देते, पण तिला कळतं सगळं. निवृत्ती शब्द आला तशी तिने माझं मनगट धरलं.

“ही इजंट रिटायरिंग, मम्मा,” ती म्हणाली. “पपाने हे काय लिहिलंय?”

मी तिथूनच उठले आणि नीळकंठच्या कानाशी जाऊन सांगितलं. तो स्टेजच्या पायरीशी उभा होता, मोबाइल हातात, डोळे ओले. त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, की पोरीला काय कळतंय, स्वतःच्या तोंडाने कुणी जाहीर करतं का असलं, आपल्या माणसांनीच ते मानाने करून द्यायचं असतं. आणि हेही सांगितलं, की खबर त्याने पानावर टाकली आहे. फेटा, शाल आणि नारळासकट फोटो. खाली इंग्रजीत चार ओळी, की मुरलेला बचावपटू मार्निक्सने हंगामाअखेरीस निवृत्ती घेतली असून समर्थकांनी त्याला हृद्य निरोप दिला.

मी म्हटलं, आधी त्याला विचार. तो म्हणाला, जेवणं होऊ दे. मग पंगत बसली, मार्निक्सने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि सगळ्यांशी हात मिळवून तो शाल खांद्यावर तशीच ठेवून गाडीत बसला. मला अजून ती पाठमोरी शाल दिसते आणि कानशिलं तापतात.

खरी गोष्ट अशी होती, की जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या क्लबाशी मार्निक्सचं बोलणं होत आलं होतं. एका हंगामापुरतं, शेवटच्या हंगामापुरतं. गुडघा डॉक्टरने तपासून ठीक ठरवला होता, फक्त सही राहिली होती. मुलींच्या संघाला त्याने हे सांगितलं होतं आणि कुठे बोलू नका म्हणून बजावलंही होतं. त्यामुळेच स्वानंदी घरी बोलली नव्हती. बापाचं पान काय चीज आहे हे तिला माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी ती सरावाहून आली ती बूट न काढताच आत आली. जर्मनीच्या क्लबचा मार्निक्सला फोन आला होता. त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. फोटो फार छान होता म्हणाले. आम्हाला आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं, पण समजू शकतो, असंही म्हणाले. ती बातमी वाचून त्यांनी दुसऱ्या एका तरण्या बचावपटूशी सही उरकून टाकली होती. एवढं सांगून स्वानंदी बापाकडे वळली.

“यू नेव्हर आस्क्ड हिम,” ती म्हणाली. “एकदा पण नाही.”

मराठी शब्द तिने मुद्दाम वापरले की आपोआप आले, मला माहीत नाही. नीळकंठ जेवणाच्या टेबलाशी उभा होता तो खाली बसला. आता मी सरावाला जाणार नाही, मला त्याच्यासमोर तोंड दाखवायला नको, असं म्हणून ती जिना चढून गेली. वर दार आपटेल म्हणून मी वाट बघत होते. तिने ते हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात घरात कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. शनिवारी मी कँटीनला जाणं टाळलं, अंगात कणकण आहे असं कळवलं. नीळकंठ पान उघडायचा आणि बंद करायचा. त्या बातमीखाली अभिनंदनाच्या ओळी वाढतच होत्या. जुने खेळाडू, विरुद्ध संघातले, कुठल्या कुठल्या गावचे लोक लिहीत होते. चूक दुरुस्त करून टाकतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आता तरी आधी विचार.

या देशात माफी मागायलासुद्धा वेळ ठरवून घ्यावी लागते. मार्निक्सने निरोप पाठवला, रविवारी तीन वाजता चालेल. मी बेसनाचे लाडू केले. अशा वेळी लाडू न्यावेत की नेऊ नयेत हे मला कळत नव्हतं, पण रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं हेही जमेना. स्वानंदी आली नाही.

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दार त्यानेच उघडलं, कॉफी त्यानेच केली, प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं आणि बिस्किटांचा डबा कपाटात ठेवला. माझ्या लाडवांचा डबा ओट्यावर तसाच होता. बायको कामावर होती. मरून शाल सोफ्यावर होती, त्याने तिच्यावर गुडघा शेकायची पिशवी ठेवली होती.

नीळकंठने घरी चार वेळा म्हणून पाहिलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं, आमच्याकडे हा मान समजतात, माझा हेतू वाईट नव्हता. मार्निक्स ऐकत होता. तो चिडला असता, ओरडला असता, तर आम्हाला काहीतरी धरायला मिळालं असतं.

“हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं,” तो शेवटी म्हणाला. “पण तू त्या पानावर दोन वर्षं माझ्याबद्दल लिहितोयस. माझा नंबर तुझ्याकडे आहे. दर मंगळवारी तू गाडीत बसून मुलीची वाट बघतोस आणि मी तुझ्या काचेजवळून जातो.”

मला वाटलं आपण बोलावं, नवऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्या नोकरीचं सांगावं, फुग्यांचं सांगावं. मग लक्षात आलं, की ते सांगणं म्हणजे आमचं ओझं त्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवणं. मी बिस्किट खाल्लं. इतकं कोरडं बिस्किट मी आयुष्यात खाल्लं नसेल.

नीळकंठने बॅगेतून लॅपटॉप काढला. आत्ताच्या आत्ता दुरुस्ती टाकतो म्हणाला. मार्निक्स निवृत्त झालेला नाही, बातमी चुकीची होती, चूक लिहिणाऱ्याची. दुसरा एखादा क्लब नक्की विचारेल.

“नको,” मार्निक्स म्हणाला.

नीळकंठला कळेना.

“एप्रिल संपत आलाय,” मार्निक्स म्हणाला. “मी फोन करून पाहिले, सगळीकडे. सगळ्यांचे बचावपटू ठरले आहेत. आता तू लिहिलंस की याला अजून खेळायचंय, तर लोक बघत बसतील याला कोण घेतं. आणि कुणी घेणार नाही. ते मला सगळ्यांच्या देखत नको आहे.”

मला पहिल्यांदा पुरतं समजलं आम्ही काय केलं ते. खोटी बातमी होती ती आता खरी झाली होती, आणि ती पुन्हा खोटी करायला गेलो तर हा माणूस आणखी लहान झाला असता. माफी मागून, दुरुस्ती करून, हात धुऊन घरी जायचं, एवढीसुद्धा सोय आम्ही ठेवली नव्हती. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

“फक्त एक ओळ घाल,” मार्निक्स म्हणाला. “निर्णय माझा होता. शरीर ठीक आहे, खेळू शकलो असतो, पण थांबायचं मी ठरवलं. असं लिही.”

नीळकंठ टाइप करू लागला. एरवी खबर लिहिताना त्याची बोटं थांबत नाहीत. आता तो एक शब्द लिहायचा आणि मान वर करायचा. असं चालेल का, विचारायचा. ‘ठरवलं’ आधी घेऊ की ‘शरीर ठीक आहे’ आधी घेऊ, विचारायचा. मार्निक्स शांतपणे सांगायचा. शाळेतल्या पोराकडून फळ्यावर लिहून घ्यावं तसं ते चाललं होतं, आणि चिडलेलं कुणीच नव्हतं. ओळ पानावर गेली. मार्निक्सने ती आपल्या फोनवर उघडून वाचली आणि ठीक आहे म्हणाला.

आम्ही उठलो. स्वानंदीला मंगळवारी यायला सांग, तिचा डावा पाय अजून उशिरा वळतो, असं त्याने मला सांगितलं. मी मान हलवली. वर बघायचं धैर्य नव्हतं, मी त्याच्या सपातांकडे बघत होते.

आम्ही जॅकेटं चढवत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे त्याचे वडील होते. लहानपणी पहाटेच्या अंधारात याला गाडीत घालून रिंकवर नेणारे म्हणून कँटीनमध्ये सगळे त्यांना ओळखतात. आता त्यांना नीट चालवत नाही, पण पान ते रोज उघडून वाचतात, ती नवी ओळ त्यांनी नुकतीच वाचली असणार. म्हातारे कानांनी कमी ऐकतात, त्यामुळे मार्निक्सला मोठ्याने बोलावं लागलं. त्याने आम्हाला हातानेच निरोप दिला, आणि दार लोटेपर्यंत आम्हाला त्याचा आवाज येत होता.

नीळकंठला डच खेळाच्या गप्पांपुरतंच कळतं. दोन जिने उतरल्यावर त्याने विचारलं, तो वडिलांना काय म्हणत होता.

मला सांगायचं नव्हतं. पण न सांगणं म्हणजे पुन्हा तेच, जे कळायला हवं ते न विचारता न सांगता आपल्या मनाने उरकून टाकणं.

“म्हणाला, हो बाबा, माझं मीच ठरवलं,” मी सांगितलं. “म्हणाला, नाही, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं.”

नीळकंठ जिन्यातच खाली बसला. खालून कुणीतरी सायकल खांद्यावर घेऊन वर येत होतं, त्याला वाट द्यायला हवी होती. मी नीळकंठच्या दंडाला धरून पाहिलं, पण तो उठेना.